राक्षसीण बसली कधी?

उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या पलीकडं, जिथं मराठी बोलता बोलता एखादा कन्नड शब्द पोह्यातल्या शेंगदाण्यासारखा दाताखाली येतो, अशा एका गावात जाईबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढं. नेमकं किती ते त्यांना माहीत नाही, आणि आधार कार्डावर जे छापलंय ते त्यांना मान्य नाही. गावात त्यांची ख्याती एकच, ही बाई दमत नाही.

ही ख्याती पसरवण्याचं काम त्यांच्या थोरल्या मुलानं, कोंडिबानं, अंगावर घेतलेलं आहे. घरातलं एवढं एकच काम त्यानं अंगावर घेतलंय, त्यामुळं तो ते फार मन लावून करतो. कोंडिबा जवळच्या एका शाळेत शिपाई आहे. संध्याकाळी हॉटेलात चहा पिताना तो हमखास म्हणतो, "आमची माय म्हंजे जेसीबी हाय जेसीबी. वर डिझेलबी लागत न्हाय." बाकावरची मंडळी कौतुकानं माना डोलावतात. जेसीबी त्या वेळी घरी चुलीपुढं बसून त्याच्यासाठी भाकरी थापत असतो.

बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा जाईबाई स्वतःच पोरवयाच्या होत्या आणि कोंडिबा जेमतेम बसायला लागलेला. दिवसभर डोक्यावरून दगड वाहायचे, दुपारी सरकारी सुकडी खायची, पुन्हा दगड. बाकीच्या बायकांची लेकरं लिंबाला बांधलेल्या झोळीत निवांत झोपायची. कोंडिबा झोळीत राहीना. खाली ठेवला की असा टाहो फोडायचा की मुकादम बांधावरून ओरडायचा, "ए बाई, त्यो भोंगा आधी बंद कर!" मग जाईबाईंनी भोंग्याला पदरानं पाठीशी बांधलं आणि डोक्यावर दगड घेतला. तलाव झाला. अजून आहे. बऱ्या पावसाच्या वर्षी त्यात पाणीसुद्धा असतं. पण पाठीवर चढलेला कोंडिबा, जाईबाईंच्या मते, अजून पुरता उतरलेला नाही.

पुढं दोन मुली झाल्या, वाढल्या, नांदायला गेल्या. नवरा गेला. कोंडिबाची बायको तापानं गेली तेव्हा तिची क्षमा सातवीत होती; तिच्या वेण्या घालायचं काम जाईबाईंकडं आलं. क्षमा हुशार निघाली. धाराशिवला राहून नर्सिंग शिकली, दवाखान्यात लागली, लग्न झालं, ते टिकलं नाही. आणि एक दिवस आपली दोन वर्षांची संबोधी आजीच्या मांडीवर ठेवून ती विमानात बसली आणि माल्टाला गेली.

माल्टा हा समुद्रातला एक चिमुकला देश. त्यातही क्षमा असते ते गोझो नावाचं त्याहून चिमुकलं बेट. आणून उमरगा तालुक्यात ठेवलं तर शोधायला माणसं लावावी लागतील. तिथं कार्मेना नावाच्या नव्वदीच्या म्हातारीला अंघोळ घालणं, खाऊ घालणं, सकाळी चर्चला नेऊन आणणं हे क्षमाचं काम. "म्हंजे आपल्या घरची म्हातारी सोडून दुसऱ्याची म्हातारी सांभाळायला इमानात बसून जायचं," असा जाईबाईंनी या नोकरीचा अर्थ लावला होता. त्यात खोट काढायला कोंडिबालाही जमलं नाही.

संबोधी, म्हणजे बोधी, आता चार वर्षांची. दिवसभर कोंबड्यांमागं पळते, भिंतीवर चढते, शेजारच्या पार्वतम्माच्या शेळीशी टक्कर घेते. पण अंगणवाडीच्या दिशेला तोंड केलं की तिच्या पायातली ताकद अचानक निघून जाते. ती रस्त्यात फतकल मारते, दोन्ही हात वर करते आणि म्हणते, "आज्जी, घे." मग जाईबाई तिला कडेवर घेतात. अंगणवाडी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. अलीकडं वाटेत त्या दोनदा उभ्या राहायच्या. कुणी पाहिलं तर चपलेत खडा गेल्यासारखं करायच्या.

क्षमाचा करार संपत आला होता. आणखी दोन वर्षं राहा, असं कार्मेनाच्या मुलानं तिला सांगितलं होतं आणि महिना संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं. कोंडिबानं ते उत्तर हॉटेलात आधीच देऊन टाकलं होतं. "लेकीला सोडीनातच ते लोक," तो सांगत सुटला होता. जाईबाईंना मात्र क्षमा परत यायला हवी होती. त्यासाठी फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आता मला होत न्हाय. हे वाक्य त्यांनी चुलीपुढं म्हणून पाहिलं होतं, मोरीत म्हणून पाहिलं होतं. दोन्हीकडं चांगलं जमलं. पण फोनवर क्षमानं "कशी हायस आजी?" म्हटलं की तोंडातून भलतंच निघायचं. "मला काय धाड भरलीय? मस्त हाय!"

फोन यायचा दुपारी. कोंडिबा शाळेत, बोधी अंगणवाडीत, भांडी घासून झालेली, अशा वेळी जाईबाई वाकळेवर टेकायच्या आणि डोळा लागायच्या बेताला फोन वाजायचा. तिकडं तेव्हा सकाळ असते. कार्मेनाबाई चर्चमध्ये बसलेल्या असतात आणि क्षमाला तेवढीच सवड मिळते. एका म्हातारीची प्रार्थना सुरू झाली की इकडच्या म्हातारीची झोप संपायची.

त्या दिवशीही तसंच झालं.

"आजी, झोपली हुतीस?"

"न्हाय गं. बसले हुते उगं."

"काल कार्मेना आजीनं एक गोष्ट सांगितली. मला लगेच तुझीच आठवण आली बघ." क्षमाचा आवाज खुशीत होता. "इथं टेकडीवर धोंड्यांची देवळं हायत. पाच हजार वर्षांच्या वरची. एकेक धोंडा एवढा, की आपली खोली त्याच्या सावलीत बसंल."

"कुणी बांधली?"

"अभ्यास करणारे लई कायकाय सांगत्यात. पर इथले जुने लोक म्हणत्यात, एका राक्षसिणीनं बांधली. दिवसभर लांबून डोक्यावर धोंडे आणायची, रात्री भिंत रचायची. आन् खांद्याला लेकरू बांधलेलं! खायला काय, तर नुसत्या घेवड्यासारख्या शेंगांच्या बिया आन् मध."

"मध?" जाईबाई उठून बसल्या. "आमाला निस्ती सुकडी. मधाचं कुणी बोललंबी न्हाय."

क्षमा हसली.

"लेकरू कुणाचं म्हनं?"

"तिचंच की. बाप साधा माणूस हुता."

"मग धोंडे वाहताना बाप कुठं हुता?"

"बाप न्हाय त्या गोष्टीत."

"हं," जाईबाई म्हणाल्या. गोष्ट खरी असावी असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. "पर राक्षसीण कशापायी म्हणायचं तिला? कुणाला खाल्लं का तिनं?"

"छे गं. मोठी हुती, ताकद हुती म्हणून."

"देऊळ बांधून घेतलं, वर राक्षसीण. चांगले हायत की तुझे लोक."

"आजी, मी कार्मेना आजीला सांगितलं, माझी आजीबी अश्शीच हाय. पोराला पाठीला बांधून तिनं तळं बांधलं. ती म्हणली, खरं का? म्हटलं, खरं! आजी, तू हायस म्हणून मला कसली काळजी न्हाय."

आता वाक्य बोलायची जागा आली होती. जाईबाईंनी घसासुद्धा साफ केला. पण आपलं गऱ्हाणं अशा कौतुकाच्या मधोमध कसं मांडायचं ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते दुसरीच्या नावानं मांडलं.

"क्षमे, ती बसली कधी?"

"कोण?"

"राक्षसीण. दिवसा धोंडे, राती भित. मग बसली कधी? दमली कधी?"

"तसं काय गोष्टीत न्हाय गं."

"इचार तुझ्या म्हातारीला."

आता एवढ्या प्रश्नावर त्या बेटावर काय व्हावं? चार दिवस फोनवर दुसरा विषय नव्हता. कार्मेनाबाईंनी ही गोष्ट आपल्या आजीकडून ऐकली होती, स्वतः मुलानातवंडांना सांगितली होती, पण राक्षसीण बसली कधी असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बहिणीला फोन केला. चर्चमधल्या मैत्रिणींना विचारलं. एक म्हणाली, देऊळ पुरं झाल्यावर बसली असेल. दुसरी म्हणाली, पुरं कुठं झालंय, अजून छप्पर नाही. यावर दोघींचं वाजलं आणि एकीनं चर्चमधली आपली नेहमीची जागा बदलली. जाईबाई हे सगळं वाकळेवर बसून ऐकत होत्या. त्यांची झोप रोज जात होती, पण निदान कुठंतरी, समुद्रापलीकडं, चार म्हाताऱ्या त्यांच्या प्रश्नाला लागल्या होत्या. इतकी चौकशी त्यांच्या तब्येतीचीसुद्धा कुणी केली नव्हती.

पाचव्या दिवशी क्षमानं आधी फोटो पाठवला आणि मग फोन केला.

"बघितलास?"

"थांब, मोठा करते." जाईबाईंनी फोटोवर बोट फिरवलं तो फोटो नाहीसाच झाला; मग सापडला. मातीची एक बाई होती. चांगली भरलेली, दंड जाड, मांड्या जाड. बाजेसारख्या कशावर तरी कुशीवर झोपली होती.

"माल्टाच्या मोठ्या बेटावर जमिनीखाली एक लेणं हाय, आपल्या धाराशिवच्या लेण्यांपेक्षा लई जुनं," क्षमा सांगत होती. "त्यात सापडली. असंल एवढुशी, तळहातावर मावंल अशी. ती राक्षसीणच हाय का, ते कुणाला माहीत न्हाय. पर कार्मेना आजी म्हणली, तुझ्या आजीला ही दाखव."

जाईबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"उशीबी हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"हात डोक्याखाली घेतलाय. गाढ झोपलीय बाय." मग त्यांनी विचारलं, "कुणी उठवत न्हाय तिला?"

"पाच हजार वर्षं कुणी उठवलं न्हाय आजी."

पाठीवरचं ओझं जड असतं हे जाईबाईंना ठाऊक होतं. ते किती जड आहे, हे त्यांना त्या क्षणी समजलं.

"क्षमे."

"काय गं?"

"म्या दमले."

मग क्षमातली नर्स घाईघाईनं बोलायला लागली. "छातीत दुखतंय का? दम लागतोय? बाबांना सांग, आत्ताच्या आत्ता मुरुमला दवाखान्यात..."

"दवाखाना नगं. औषिदाचं दमणं न्हाय हे. तू ये. बोधी चांगली हाय, कोंडिबा धडधाकट हाय. निस्ती म्या दमले. आता मला होत न्हाय."

वाक्य निघालं एकदाचं. चुलीपुढं म्हटलं होतं त्यापेक्षा साधं निघालं.

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?" क्षमाच्या आवाजात राग होता, आणि त्या रागाच्या आत रडूही होतं.

"तू रोज म्हणायचीस, आजी तू हायस म्हणून काळजी न्हाय. आता ह्याच्यावर माणसानं काय बोलायचं?"

क्षमा रडली. जाईबाईंनी रडू दिलं. त्यांनाही रडता आलं असतं, पण डोळे पुसायला पदर उचलावा लागला असता, आणि आज तेवढंही काम त्यांना नको होतं.

"मी येते," शेवटी क्षमा म्हणाली. "पर लगेच न्हाय जमणार. कार्मेना आजीला दुसरी बाई मिळंपतोर मला हलता येत न्हाय. दिवाळी होईल."

"तिला मधीच टाकून येऊबी नगं. चांगली हाय म्हातारी. माझ्यासाठी भांडली बिचारी."

संध्याकाळी कोंडिबाला कळलं, तेव्हा तो भाकरीचा तुकडा हातात घेऊन तसाच बसून राहिला. "माय, असं कसं म्हणलीस? मी हाटेलात समद्यांला सांगून बसलोय, लेक ऱ्हाणार म्हणून. आता काय सांगू?"

"सांग, माय म्हातारी झाली."

"तू? म्हातारी?" कोंडिबाला खरंच धक्का बसला होता. त्रेपन्न वर्षांत हे त्याच्या कानावर आलं नव्हतं.

"आन् क्षमा येईपतोर बोधीला आंगणवाडीत तू न्यायचं. शाळेत जायच्या आधी."

"अगं पर ती चालत न्हाय!"

"मला सांगतोस व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं पाहिलं. कोंडिबा रस्त्यानं चालला होता, बोधी त्याच्या खांद्यावर बसून त्याचे कान दोन्ही हातांनी धरून होती. हॉटेलाच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काय कोंडिबा, जेसीबी बंद पडला का?" कोंडिबानं उत्तर दिलं नाही. उत्तराला श्वास लागतो. अंगणवाडीच्या इरम्मा बाईंनी काळजीनं विचारलं, "अण्णा, आजी बऱ्या हायत न्हवं?" तेव्हा त्यानं नुसती मान हलवली आणि भिंतीला टेकला.

घरी आला तो उंबऱ्यावरच बसला. सदरा पाठीला चिकटलेला, तोंड लाल.

"माय, पाणी दे गं."

जाईबाई आत वाकळेवर पडल्या होत्या. नेहमीच्या सवयीनं त्यांचा एक हात जमिनीला टेकला, उठायसाठी. मग त्यांनी तो परत घेतला.

"रांजणात हाय, बाबा," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

कोंडिबानं जरा वेळ वाट पाहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि रांजणाकडं गेला. घरात पेले कुठं ठेवतात, ते मात्र त्याला विचारावं लागलं.