मानपाड्यातला स्नो ब्लोअर

तुमच्या कामाच्या जागी असं एखादं यंत्र आहे का, ज्याच्यावर दर दसऱ्याला हार पडतो आणि वर्षभर तेलाचा थेंब पडत नाही? घाईने नाही म्हणू नका. आधी जाऊन बघा.

आमच्याकडे होतं. आणि नेमकं ज्या आठवड्यात ते चालणं गरजेचं होतं, त्या आठवड्यात ते रोज चालू होत होतं आणि रोज बंद पडत होतं.

"परत?" धाकटे साहेब केबिनच्या दारातून ओरडले.

"परत," मी म्हणाले.

"भोईर होते का जवळ?"

"होते."

"मग बरोबर."

धाकटे साहेब म्हणजे मालकांचे चिरंजीव. कंपनी डोंबिवलीजवळ, मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत. काम पत्र्याचं: पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं. मी डिप्लोमा करून मेंटेनन्सला लागले होते. नव्वदीची सुरुवात होती. ऑर्डरी आटल्या होत्या आणि आमचं शॉप, म्हणजे वर्कशॉप, अर्धाच आठवडा चालत होतं. अशात साहेबांना एक चौकशी आली. थंड डोंगराळ भागातल्या रस्त्यांच्या खात्याला बर्फ हटवणारी छोटी मशीन हवी होती. खात्याचा अधिकारी मुंबईला येणार होता. आमच्याकडे तशी मशीन चालताना दिसली, तर तिच्यावरून तशाच नव्या बनवायचं काम मिळण्यासारखं होतं.

बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाडीवर पाहिलेल्या माणसांनी बर्फ हटवायची मशीन बनवायची. साहेबांना यात काही विचित्र वाटलं नाही. कारण आमच्याकडे स्नो ब्लोअर होता.

तो कॅन्टीनच्या मागे होता. थोरल्या मालकांनी कधी काळी विठ्ठलवाडीच्या एका भंगारवाल्याकडून उचलला होता. कुठल्या तरी थंड देशाच्या, तोडायला आलेल्या जहाजावरून तो उतरला होता म्हणे. बघून बघून तसाच बनवू, असा त्यांचा विचार होता. विचार तिथेच थांबला. मग कॅन्टीनवाला त्याच्या हँडलवर फडकी वाळत घालू लागला आणि बाकीचे त्याच्यावर टेकून चहा पिऊ लागले. दसऱ्याला मात्र सगळ्या मशीनबरोबर त्याचीही पूजा व्हायची.

स्नो ब्लोअर काय असतो ते थोडक्यात सांगते. पेट्रोलवर चालणारं एक इंजिन. पुढे आडवा, पिळाचा दांडा, सुताराच्या गिरमिटासारखा पण जाडजूड. तो फिरला की बर्फ कापून मधे ओढतो. मधे पंखा असतो. तो बर्फ एका वाकड्या नळीतून वर उडवून रस्त्याच्या कडेला फेकतो. बस. त्यात समजायला अवघड काही नाही. चालवायला आहे.

आता भोईरकाका. आमच्या शॉपचे सगळ्यात जुने फिटर. शॉप बंद झालं असतं तर बाकीच्यांनी दुसऱ्या कंपन्यांचे उंबरे झिजवले असते. काकांचं तसं नव्हतं. जिथे आमची पत्रा वाकवायची मशीन उभी होती, तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. जमीन गेली तेव्हा थोडे पैसे आणि घरातल्या एकाला नोकरीचा शब्द मिळाला. काका म्हणजे तो शब्द. शॉप बंद पडलं की शब्दही संपणार होता, आणि जमीन काही परत येणार नव्हती. त्या वयाच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

"पोरी, ही मशीन चालाला पायजे," ते मला म्हणाले. एकदाच म्हणाले.

आम्ही कामाला लागलो. आधी आतून उंदरांचं घरटं काढलं. प्लग साफ केला. कार्बोरेटर म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते तो भाग. त्याच्यात जुनं पेट्रोल सुकून गुळाच्या काकवीसारखं झालं होतं. थिनरमध्ये बुडवून, फुंकून फुंकून तो मोकळा केला. पट्टा कुजला होता, तर पिठाच्या गिरणीचा पट्टा आणून बसवला. इंजिन चालू करायला दोरी ओढावी लागते. ती दोरी हातात तुटून आली. काकांच्या व्याह्यांच्या ओळखीच्या कोळ्याकडून जाळ्याची नायलॉनची दोरी आणली. ती आजही तुटलेली नाही.

दोरी ओढली. मशीन खोकली, काळा धूर ओकली आणि सुरू झाली. कॅन्टीनवाला फडकी घेऊन पळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपेपर्यंत ती चालली. थोडी पुढेही चालली. मग आवाज बारीक झाला आणि बंद.

काकांनी टाकीचं झाकण उघडून बघितलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, परत सुरू. परत थोड्या वेळाने बंद.

मी पेट्रोलवर संशय घेतला आणि दुसऱ्या पंपावरून आणलं, काकांनी भरलं. बंद. प्लग नवा घातला. बंद. गरम झाल्यावर प्लगला वीज देणारी कॉइल दगा देत असेल म्हणून कॉइल बदलली. बंद.

तोवर साहेबांचा निष्कर्ष तयार होता. "मी बघतोय. मॅडम एकट्या चालवतात तेव्हा चालते. भोईर हात लावतात आणि बंद पडते. काय समजायचं ते समजा."

"काय समजायचं, साहेब?"

"एक तर हात अपशकुनी, नाही तर मनात काही आहे. शॉप बंद झालं तर भरपाई मागायला बरं पडतं."

काका तिथेच उभे होते. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला.

"साहेब, यंत्राला माणूस ओळखता येत नाही," मी म्हणाले. "हे काम माणसांचं आहे आणि तेही ती नीट करत नाहीत."

"तुमच्या घरी येतात त्या पत्रकांवर मशीन चालत नाही, मॅडम. पेट्रोलवर चालते. अधिकारी आला आणि ही बंद पडली, तर आधी भोईर घरी जातील. मग शॉप."

माझे वडील युनियनमध्ये होते आणि आमच्याकडे पेपरपेक्षा पत्रकं जास्त यायची, हे खरं. उत्तरादाखल माझ्याकडे बरंच काही पाठ होतं. पण एक अडचण होती. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. मी एकटी असताना मशीन चालायची. काका असले की बंद पडायची. मला ते आवडलं नाही, म्हणून ते खोटं होत नव्हतं. निरीक्षण खरं होतं, अर्थ चुकीचा. मग खरा अर्थ शोधणं आलं.

"काका, तुम्ही एकटे चालवा. नेहमी करता तसंच करा. मी नुसती बघते."

"तुझा बी शक हाय काय माझ्यावर?"

"नाही. म्हणूनच बघायचंय."

काकांनी आधी टाकी पुसली. पेट्रोल भरलं. झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी कच्चून आवळलं. चाळीतला नळ आवळतात तसं. मी कधी आवळत नव्हते. घाईत नुसतं टेकवून द्यायचे. नीट काम करायची सवय त्यांना होती, मला नव्हती.

मशीन सुरू झाली. चालली. आवाज बारीक झाला. बंद.

काकांनी झाकण उघडलं, आणि या वेळी माझा कान जवळ होता. स्स्स्. हवा आत गेल्याचा आवाज.

तुम्ही घरी तेलाचा डबा फोडता तेव्हा भोकं किती पाडता? दोन. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच पाडलं तर तेल थोडं येतं आणि अडतं. पेट्रोलच्या टाकीचंही तेच. त्यासाठी झाकणात टाचणीएवढं एक भोक ठेवलेलं असतं. झाकण नुसतं टेकवलेलं असेल तर हवा कडेने जाते. आवळलं आणि भोक बुजलेलं असेल, तर इंजिन उपाशी मरतं.

मी झाकण उलटं करून बघितलं. भोक होतं. सुलटं केलं. भोक नव्हतं. त्या जागी एक लाल, कडक, गुळगुळीत टेकाड होतं. नखाने खरवडलं तर खाली हळद निघाली. तिच्याखाली परत लाल. कितीतरी दसऱ्यांचे थर.

"काका, ह्याला कुंकू कोण लावतं?"

"मीच. सगल्यांत जुना मी. मना मान हाय."

"पण झाकणावरच का?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी डिप्लोमा पैसे देऊन आणलाय. "मंग कपाल कुठं हाय तिला?"

मी मशीनकडे बघितलं. खरंच, दुसरीकडे कुठे नव्हतं.

ते स्टुलावर बसले. बराच वेळ झाकण हातात फिरवत राहिले. "म्हंजे मीच गला दाबत होतू तिचा."

पूजेच्या विषयावर मला तयार भाषण येत होतं. दिलं नाही. मी म्हणाले, "काका, बाकीच्यांनी तेवढाही हात लावला नाही."

सेफ्टी पिनने भोक मोकळं केलं. काकांनी झाकण दोन्ही हातांनी आवळलं. मशीन चालली, आणि आम्ही बंद करेपर्यंत चालत राहिली.

मी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी हात वर केला. "टेक्निकल डिटेल नको. चालतंय ना? मग झालं."

आता बर्फ. डोंबिवलीत मे महिन्यात. मी टेम्पो घेऊन ठाण्याला खाडीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेले. तिथे मासळीसाठी लाद्या फोडून चुरा करून देतात. माझ्यापुढे एक कोळीणबाई टोपल्या घेऊन उभ्या होत्या. माझी मागणी ऐकून त्या वळल्या.

"लगीन हाय काय गो घरान?"

"नाही. बर्फ फेकायचाय."

"कुठं?"

"इकडून तिकडे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पैसं जास्त झालं काय गो तुला?"

गोणपाटात गुंडाळलेला बर्फ माजिवड्याचा ट्रॅफिक सोसून आला. बराचसा आला. त्याला बोंबलाचा वास होता. अंगणात त्याचा ढीग केला तर कंपाउंडवर मांजरं येऊन बसली.

अधिकारी आला. उंच, शांत माणूस. थंड प्रदेशातला, त्यामुळे आमच्या हवेत शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने बर्फाचा वास घेतला आणि मशीनकडे वळला.

"शुरू कीजिए."

"एक मिनट, सर," धाकटे साहेब म्हणाले. त्यांनी ताट आणवलं होतं. नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली, कुंकवात पाणी कालवलं आणि मशीनकडे वळले. मी बोलायला तोंड उघडलं तोवर त्यांचा अंगठा झाकणावर होता. चांगला दाबून. कपाळ त्यांनाही तिथेच सापडलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. म्हणजे आत हवा जेमतेम, म्हणजे गळा लवकर आवळला जाणार.

दोरी ओढली गेली. मशीन सुरू झाली. काकांनीच हँडल धरून ती बर्फात घातली. बर्फ नळीतून उडाला आणि कॅन्टीनच्या पत्र्यावर गारांसारखा पडला. मांजरं पळाली. अधिकारी मान डोलवत होता. साहेब हसत होते. आणि मला आवाज बारीक व्हायला लागलेला ऐकू आला.

काकांनाही आला. त्यांनी पिळाचा दांडा थांबवला, इंजिन चालूच ठेवलं. खिशातून फडकं काढलं आणि सगळ्यांसमोर, साहेबांचं ओलं कुंकू पुसून काढलं. झाकण अर्धा आटा सैल केलं.

"भोईर!" साहेब किंचाळले. "पूजा झालीय त्याची! काय करताय?"

"साहेब, येवढी वर्सं मीच लावलाय टिला," काका म्हणाले. "आता जरा दम घेऊ द्या तिला."

स्स्स्. आवाज भरला. काकांनी मशीन परत बर्फात घातली आणि राहिलेला ढीग पार करून टाकला.

अधिकाऱ्याने मला विचारलं, "क्या हुआ था?" मी तेलाच्या डब्याचं सांगितलं. तो वाकून झाकणाजवळ गेला. मग म्हणाला की त्यांच्याकडची जुनी मशीन ऐन हिमवादळात अशीच बंद पडते, आणि खोलीत आणून उघडली की चालते. तिकडे ते भोक बर्फाने बुजत असणार. आजवर ते ड्रायव्हरला दोष देत आले होते.

साहेबांनी या वाक्यावर घड्याळ बघितलं.

काकांनी जेवणाच्या सुट्टीआधी पत्र्याची एक छोटी टोपी वाकवून आणली. झाकणावर बसणारी, खालून हवा येईल अशी. वरून बर्फ पडू दे, नाही तर कुंकू. अधिकाऱ्याने ती हातात धरून उलटीपालटी केली आणि खिशात घातली.

ऑर्डर आली. साहेबांना वाटली होती त्यापेक्षा लहान. पण प्रत्येक मशीनवर ती टोपी हवी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शॉप पूर्ण आठवडा चालू लागलं. काका निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले, वडिलांच्या शेतात. साहेबांनी त्यांची माफी मागितली नाही. कामाच्या नोंदी पूर्ण असाव्यात म्हणून हेही लिहिते.

त्या वर्षीच्या दसऱ्याला काकांनी आधी तेल बघितलं, दोरी ओढली, मशीन चालवली. मग टिळा लावला. हँडलवर.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या दसऱ्याला हार घालण्याआधी तुमचं यंत्र एकदा चालवा. आणि ते बंद पडलं, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी झाकण उघडून बघा.