संघप्रियाने खोडलेली एक ओळ

संघप्रिया जाधव न्हावा शेवा बंदरातल्या एका कस्टम एजंटकडे कागदपत्रं पाहते. तिथे अर्धवट पत्त्याचा कागद म्हणजे अडकलेला कंटेनर. पूर्ण पत्ता लिहिण्याची तिच्या हाताला सवयच आहे.

रविवारी ती करावे गावातल्या जुन्या मच्छीमारांचे आवाज टिपते. रेकॉर्डिंग आणि फोटो एका फोल्डरमध्ये असतात. सोबत एक मुख्य फाइल. कोणाचा आवाज, कोणतं जाळं, खाडीतली कोणती जागा, हे सगळं ती फाइलच एकमेकांशी जोडते. नाव दाबलं की माणूस बोलू लागतो.

गेल्या महिन्यात हा फोल्डर तिने पेनड्राइव्हवर घालून गावच्या वाचनालयात नेला. चंद्राबाई कोळी आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांचे पती रोहिदास गेल्या वर्षी गेले. त्यांचा आवाज या फोल्डरमध्येच उरला होता. संघप्रियाने त्यांचं नाव दाबलं. फाइल सापडत नाही, असं पडद्यावर आलं. बाकीच्या नावांचंही तेच. ज्या संगणकावर तिने हे काम केलं, तो पेनड्राइव्ह भरून झाल्यावर ऑफिसने पुसून भंगारात दिला होता.

"आवाज पन गेला का गं?" चंद्राबाईंनी विचारलं.

संघप्रियाने अभयला फोन लावला. पूर्वी तो तिच्या ऑफिसचे संगणक सांभाळायचा.

"मुख्य फाइल उघड. सगळ्यात वरची ओळ वाच."

तिने वाचली. संगणक, ड्राइव्ह, फोल्डर, तिनेच लिहिलेला सगळा पत्ता.

"शिपिंग बिल भरलंस काय तू? अगं, आवाज पेनड्राइव्हवरच आहेत. खालचे छोटे पत्ते बरोबर आहेत. पण ते कुठून मोजायचे, हे वरची ओळ सांगते, आणि ती भंगारातल्या मशीनवर पाठवते. खोड ती. मग जिथे ही फाइल, तिथून मोजणी. फोल्डर कुठेही ने, टेन्शन नाही."

तिने ओळ खोडली. अभय हसला खरा, पण त्याने फोन उचलला, हेच त्याचे उपकार, असं ती अजून सांगते.

नाव पुन्हा दाबलं, आणि रोहिदास बोलू लागले. जाळं कुठे टाकलं, जिताडा मासा केवढा होता, आणि तो आपण एकट्याने कसा ओढला.

"खोटं बोलतंय," चंद्राबाई म्हणाल्या. "होडीत मी पन होती."

मग त्यांनी संघप्रियाचा हात धरला.

"लय बरं केलंस पोरी. परत लाव."