माडीवरचं बिऱ्हाड स्पेनला

सबंध पुण्यात खरं बोलणारा माणूस एकच होता आणि तो आमच्या माडीवर भाड्याने राहत होता. हे मी फुशारकीने सांगत नाही. ज्याच्या माडीवर असा माणूस राहतो त्याची फुशारकी पहिल्या आठवड्यातच उतरते. आमचं गाव कात्रजच्या अलीकडे. गाव आपलं म्हणायचं. वावरं होती तिथं आता उंच इमारती आहेत आणि ज्यांनी वावरं विकली ते खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेले असतात. मी घर विकलं नाही. त्यावर दोन खोल्यांची माडी चढवली आणि हा पहिला भाडेकरू आला. मराठवाड्यातल्या कोरड्या गावचा, चाळिशीला टेकलेला, एकटा, परदेशातल्या कुठल्या कंपनीचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर करणारा. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला आबा. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "कसं काय साहेब, आवडलं का घर?" तो म्हणाला, "खोल्या छान आहेत आबा. जिना चुकलाय." आता तो जिना मी स्वतः उन्हात उभा राहून बांधून घेतलेला. आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. मग एकदा कुणाचं लक्ष नाही असं बघून जिना चढलो, उतरलो, आणि गवंड्याला बोलावणं धाडलं. पायऱ्या खरंच कमीजास्त होत्या.

त्याच्या खरेपणाला जागा, वेळ, माणूस असं काही लागत नसे. आमच्या मंडळींनी मोठ्या हौसेने आमटी वर पाठवली आणि "कशी झालीया?" म्हणून विचारलं, तर वरून उत्तर आलं, "काकू, मीठ कमी आहे. मागच्या खेपेलाही कमी होतं." एकदा कात्रजच्या चौकात पोलिसाने चुकून अडवलं, सिग्नल तोडणारा दुसराच होता म्हणून सोडूनही दिलं. हा पुढं जाऊन गाडी लावून चालत परत आला आणि म्हणाला, "हा सिग्नल मी तोडला नाही साहेब, पण मागचा पिवळ्यात काढला होता." "घरी कुणी हाय का तुमच्या?" एवढंच पोलिसाने विचारलं म्हणे.

घरून काम करणारे बाकीचे लोक वरून सदरा आणि खालून लेंगा घालून बसतात असं ऐकतो. आमचा साहेब पायात बूट चढवून बसायचा. अर्धाच पोशाख घालणं म्हणजे कंपनीला फसवणं, असं त्याचं म्हणणं. रोज सकाळी जिना उतरायचा, पाण्याच्या टाकीला एक फेरी घालायचा आणि परत वर जायचा. ती त्याची ऑफिसला जायची वाट. एकदा गॅसची टाकी आत घ्यायला मंडळींनी हाक मारली तर खिडकीतून म्हणाला, "काकू, मी ऑफिसात आहे." त्या म्हणाल्या, "मग तिथल्या एखाद्या शिपायाला धाडा की खाली."

मागच्या वर्षी हा खाली येऊन माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "आबा, मी स्पेनला समुद्राकाठी राहायला जायचं ठरवलंय. वर्षभरासाठी. डिजिटल नोमॅडचा व्हिसा असतो."

"म्हंजी काय असतंय?"

"म्हणजे भटक्या. कॉम्प्युटर घेऊन फिरणारा. काम दुसऱ्याच देशातलं, राहायचं त्यांच्या देशात."

मला मोठं नवल वाटलं. आमच्या वावरात दर साल मेंढरं घेऊन धनगर उतरायचे. मेंढरं रानात बसली की खत व्हायचं, म्हणून आम्हीच त्यांना धान्य देऊन बसवून घ्यायचो. त्यांना कुणी दाखला विचारल्याचं मला आठवत नाही. या नव्या भटक्याला मात्र काय काय लागत होतं! पोलिसांचा दाखला हवा, आजारपणाचा विमा हवा, कंपनीचं पत्र हवं, आणि सगळ्यांत कहर म्हणजे तिथं आधी घर भाड्याने घेतल्याचा करार हवा. मी म्हटलं, "आरं, घर असंल तर त्यो भटक्या कसला?" साहेब म्हणाला, "हेच मी त्यांना लिहून विचारलं. उत्तर आलं नाही."

पोलिसांच्या दाखल्याला शिपाई घरी आला. चहा झाला. "काही गुन्हा वगैरे?" त्याने रीतीने विचारलं. साहेब शांतपणे म्हणाला, "शाळेत असताना मास्तरांच्या झाडाचे पेरू चोरले होते." शिपायाने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तसाच हाय त्यो. तुम्ही लिवा."

पण जायचंच कशाला, हे मला उमगत नव्हतं. समुद्र बघायचा म्हणतोस तर रत्नागिरीला जा, मासे खा, परत ये. तेव्हा त्याने सांगितलं. शाळेत मास्तरांनी एकेकाला विचारलं होतं, मोठेपणी काय करणार? हा उभा राहून म्हणाला होता, मी परदेशात समुद्राकाठी राहीन. गावात प्यायला टँकरचं पाणी. सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले. "आबा," तो म्हणाला, "माझं तेवढं एकच वाक्य अजून खोटं आहे." रत्नागिरीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

सगळे कागद जमले आणि घरावर गाडी अडली. समुद्राकाठच्या एका गावात त्याने खोली शोधली होती. मालकीण म्हातारी, एकटी. आधीचा भाडेकरू तिला फसवून पळालेला, त्यामुळे न पाहिलेल्या माणसाशी वर्षाचा करार करायला ती तयार नव्हती. मुंबईला वकिलातीत कागद द्यायची तारीख तोंडावर आलेली. ती हुकली तर कंपनीने दिलेली परवानगीही संपणार होती. शेवटी बाईंनी निरोप धाडला: तुमच्या आत्ताच्या घरमालकाशी माझं बोलणं करून द्या. दुपारी मात्र फोन नको, दुपारी मी झोपते. मी म्हटलं, "बाई मूळची पेठेतली दिसती."

तिकडची सकाळ आणि आमची दुपार गाठून फोन लावला. मी टोपी घातली, मंडळी पदर सावरून मागं उभ्या. स्थळ बघायला जातो तसंच की ते. पडद्यावर बाई आल्या. पांढरे केस, डोळे बारीक, माझ्यासारख्याच संशयी. साहेब मध्ये बसून दोन्हीकडचं सांगणार. ती भाषा त्याने गच्चीवर मांजरांशी बोलून बोलून पाठ केलेली. आधी मी विचारून घेतलं, पाणी किती वेळ येतं, शेजार कसा आहे, रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं तर दवाखाना जवळ आहे का. बाईंनी सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, भाडेकरू म्हणून हा कसा आहे?

चार चांगले शब्द बोलून मोकळं व्हावं असं मनात आलं. पण ते शब्द तिकडे पोचवणार कोण, तर हाच. तो मधल्यामध्ये दुरुस्त करणार. मी म्हटलं, "वला टावेल कठड्यावर टाकतो. त्यो माझ्या खुर्चीवर ठिबकतो." साहेबाने चेहरा न हलवता तसंच्या तसं सांगितलं. "गावभरची मांजरं गोळा करतो. आंघुळीला गातो, आन् गळा न्हाई." तेही सांगितलं. मागून मंडळी म्हणाल्या, "मिठाचं सांगा की." मग तेही गेलं. बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. साहेब खाली बघत म्हणाला, "त्या विचारतायत, एवढा त्रास आहे तर तुम्ही याला काढलं का नाही?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःही नाही. मग मी म्हटलं, "बाईंना सांग, हितं समदी आबा, आबा करत्यात. जमिनीला भाव आलाय म्हणून करत्यात. आबा, तुमचं चुकलं, असं म्हणणारा ह्यो एकलाच हाय."

साहेब बराच वेळ बोलला. माझं वाक्य एवढं लांब नव्हतं. बाई आधी हसल्या, मग चष्मा काढून पुसू लागल्या. मी म्हटलं, "काय सांगितलंस रं?"

"तुमचं सांगितलं. पुढं थोडं माझं घातलं."

"काय घातलंस?"

"म्हटलं, आबा हट्टी आहेत. चूक दाखवली की आठ दिवस बोलत नाहीत. पण नवव्या दिवशी गवंडी बोलावतात."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी करार पाठवला. व्हिसा झाला. निघताना तो पाया पडला. मी म्हटलं, "वर्षानं येशील ना?" दुसऱ्या कुणीही हो म्हटलं असतं. तो म्हणाला, "माहीत नाही, आबा." आणि गेला. आता त्याचा फोटो येतो कधीमधी, पाठीमागे निळा समुद्र. त्याचं वाक्य खरं झालं. चांगलं झालं.

माडीवर आता नवरा-बायको राहतात. गुणी आहेत. आवाज नाही, मांजर नाही, सणाला मिठाईचा पुडा घेऊन खाली येतात. परवा मी गच्चीवर पावसाच्या पाण्याचा नवा पाइप बसवून घेतला. बसवल्यावर मलाच शंका आली, उतार उलटा पडला की काय. नवा भाडेकरू कामावरून येत होता. त्याला थांबवून म्हटलं, "जरा बघा हो, बरा झालाय का?" त्याने मान वर करून पाहिलं आणि हसून म्हणाला, "एकदम मस्त झालंय, आबा."

तो वर निघून गेला. मी त्या पाइपाकडे बघत बराच वेळ तिथंच उभा होतो.