चांगुणाबाईच्या गाडीचा पोळा

चांगुणा मरकड मोटरसायकलवर निघाली, की गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन हलायचे आणि गावाच्या माना वळायच्या. बाईमाणूस गाडीवर म्हणून वळायच्या. त्याचं तिला काही नव्हतं. मान अवघडली तर शेवगावात डॉक्टर पुष्कळ आहेत, असं ती तोंडावर सांगायची. घराघरातलं दूध गोळा करून डेअरीवर घालायचं हा तिचा धंदा. नवरा ज्ञानेश्वर टेम्पोवर ड्रायव्हर, घरी पाहुण्यासारखा येणारा. घर तीच चालवायची, गाडी तीच चालवायची, आणि ग्रामसभेत सरपंचाला घाम फोडायचं कामही बहुतेक तिच्याकडेच असायचं. शाळा सातवीत सुटली होती. पण अर्ज असा लिहायची, की वाचणाऱ्या साहेबाला खुर्ची टोचावी.

तर अशा या बाईला पोळ्यानं गाठलं.

मरकडांच्या घराला पोळ्याचा दुसरा मान. वेशीतलं तोरण तोडून पाटलांची जोडी पुढं गेली, की लगेच मरकडांची. ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागला तशी घरची जोडी दाव्याला नुसती उभी राहू लागली, आणि ज्ञानेश्वरनं ती विकून टाकली. मग दोन पोळे मरकडांची जागा मोकळी गेली. गावाचा रिवाज असा, की तिसऱ्या पोळ्यालाही जागा मोकळी राहिली तर मान पुढच्या घराकडं जातो, तो कायमचा. पुढचं घर राधाकृष्ण अण्णांचं. अण्णांचे बैल खाऊनपिऊन तयार, आणि अण्णा बैलांहून तयार.

चांगुणाच्या सासूनं, साळूबाईनं, ते दोन्ही पोळे दाराला कडी लावून काढले होते. पुरण शिजवलं, पण घास तोंडात घातला नाही. तिसरा पोळा जवळ आला तशी ती गप्प झाली. साळूबाई गप्प म्हणजे घरात कुणीतरी आजारी पडल्यासारखं.

मारुतीच्या पारावर पोळ्याची बैठक भरली, तिथं चांगुणा न बोलावता गेली. म्हणाली, निम्मं गाव आता ट्रॅक्टर सजवून आणतं, त्याला कुणी हरकत घेत नाही. मी माझी गाडी आणणार. माझ्या घरात राबणारं जनावर तेच आहे.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "राबतंय ते खरं हाय गं चांगुणा, पर ते दिसतंय कसं? निळं नाकतोडं नुसतं. ढुंगण वर, तोंड खाली. त्याच्या गळ्यात घुंगरमाळ घालायची म्हणलं तर गळा कुठं हाय?"

सगळा पार हसला. चांगुणाची कानशिलं तापली, कारण अण्णा खोटं बोलत नव्हते. गाडी होतीच तशी. प्लास्टिकचे पंख फुटलेले, अंगावर विजा काढलेल्या, आणि दिवा असा टोकदार की कुणाला तरी चावायला निघालाय. पाटलांनी दोघांचंही मन राखलं. म्हणाले, आण, मान राखण्याइतकी ऐटदार दिसते का ते वेशीतच ठरवू.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर कॅन उतरवले आणि ती तडक शेवगावात अमृतच्या गॅरेजवर.

"हिला म्हातारी करून दे," ती म्हणाली.

अमृतनं हातातला पाना खाली ठेवला. त्याच्याकडं यायची ती सगळी पोरं, आणि त्यांना पाहिजे असायचा सायलेन्सरचा फटाका. त्याचा जीव मात्र जुन्या गाड्यांत. बापाच्या वेळच्या, लोखंडी, भारदस्त, उभ्या राहिल्या तरी चालल्यासारख्या दिसणाऱ्या. चांगुणाचं बोलणं ऐकून त्यानं तिथल्या तिथं दोन चहा सांगितले आणि गाडीभोवती मुलगी बघायला आल्यासारखा फिरायला लागला.

प्लास्टिक सगळं उतरलं. टोकदार दिवा गेला, ताटलीएवढा गोल दिवा आला. नगरच्या भंगार बाजारातून त्यानं पाण्याच्या थेंबासारखी फुगीर टाकी शोधून आणली. तारांची चाकं आली, लोखंडी मडगार्ड आले, त्यावर आरशासारखं चमकणारं पाणी चढवलं. सीट लांब, सपाट, तपकिरी रेक्झीनची, वर उभी शिलाई. इंजिनाला आणि सायलेन्सरला मात्र हात लावायचा नाही, आणि जे बदलशील ते कायद्यात बसलं पाहिजे, असा चांगुणाचा दम होता. दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या बाईला स्वतःची चूक परवडत नाही. हॅण्डलवरून दोघांचं भांडण झालं. अमृतला ते सरळ पाहिजे होतं. चांगुणाला बाहेर पसरून वर वळलेलं पाहिजे होतं, खिल्लारी बैलाच्या शिंगांसारखं. शेवटी तसंच बसलं, आणि बसल्यावर अमृतच ते हलवून हलवून बघत राहिला.

गाडी नव्हती तितके दिवस कॅन सायकलवर गेले. पोटऱ्या भरून आल्या, तरी ती रोज संध्याकाळी गॅरेजवर हजर. टाकीला दुधाच्या सायीचा रंग दिला, कडेनं हातानं ओढलेली मरून रेघ. पोळ्याच्या आदल्या दुपारी गाडी ताब्यात देताना अमृतनं हात जोडले. "वहिनी, रंग वरनं सुकलाय, आतनं कच्चा हाय. दोन दिवस टाकीला बोट लावू नका."

चांगुणानं बोट लावलं नाही. येताना गुडघेसुद्धा टाकीपासून लांब धरले, बेडकासारखे. गाडी अंगणात उभी केली आणि तोरणाच्या बैठकीला गेली.

परत आली तेव्हा दिवस मावळत होता, आणि साळूबाई गाडीजवळ उभी राहून लोण्यात कालवलेली हळद टाकीला दोन्ही हातांनी चोळत होती. जोर लावून, मन लावून. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात आणि उद्याचं आवतण देतात. बैलाचा खांदा असतो तिथं गाडीची टाकी. सासूला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सायीच्या रंगावर पाची बोटं उमटली होती, या अंगाला आणि त्या अंगालाही. मरून रेघ वाहून हळदीत मिसळली होती.

चांगुणा जी सुटली ती सुटलीच. रंगाचं काय झालं, अमृतनं काय बजावलं होतं, उद्या अण्णा काय म्हणतील, सगळं तिनं एका दमात ऐकवलं. साळूबाईनं संपेपर्यंत ऐकून घेतलं. हात पदराला पुसले.

"म्या आवतन दिलंय," ती म्हणाली. "तिनं घेतलंय. आता तू मोडून दाव."

आणि कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत चुलीकडं गेली. चांगुणा तिथंच बसली. लोणी पुसायला जावं तर रंग निघणार, रंग राखावा तर लोणी राहणार. शेवटी तिनं सगळं तसंच ठेवलं.

पोळ्याला वेस गच्च भरलेली. गोल दिव्याला बाशिंग, शिंगांसारख्या हॅण्डलला गोंडे, सीटवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. गळा होता आता. चांगुणा नऊवारी खोचून वर बसलेली. हलग्या कडाडत होत्या, आणि गाडीला बैलाच्या चालीनं चालवायचं म्हणजे पहिल्या गिअरात क्लच धरून दोन्ही पायांनी जमीन चाचपत जायचं. दोनदा बंद पडली. दोनदा तिनं किक मारली आणि दोनदा गाव हसलं, तीही हसली. आता भीती अशी गुदगुल्यांसारखी झाली होती.

पाटलांच्या जोडीमागं तिनं गाडी आणून उभी केली. अण्णा आपली जोडी घेऊन शेजारीच. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. दिवा पाहिला, चाकं पाहिली, हॅण्डल पाहिलं. दुसरी खोट सापडेना तेव्हा टाकीकडं बोट केलं. "सगळं झ्याक हाय, पर ही टाकी अशी लडबडल्यावानी का दिसती? ऐटदार जनावराचा खांदा असा..."

बोलणं अर्धंच राहिलं. अण्णांच्या थोरल्या बैलाला लोण्याचा वास लागला होता. त्यानं कासऱ्याला हिसका दिला, मान लांब केली, आणि मरकडांच्या टाकीवरून जीभ फिरवली. आधी एकदा, चव बघितल्यासारखी. मग सावकाश, गोठ्यात शेजारच्या बैलाला चाटतात तशी. अण्णा कासरा ओढत होते, "अरं ए, अरं ए" म्हणत होते, आणि बैल गोल दिव्याशी डोकं घासत होता. गर्दीत अमृत होता. त्यानं रंगासाठी कपाळाला हात लावला आणि मग त्याच हातानं डोळे पुसले, हसून हसून पाणी आलेले.

पाटलांनी हात वर केला. हलग्या थांबल्या.

"राधाकृष्णा," पाटील म्हणाले, "तुझ्याच बैलानं बैल म्हणलंय. आता आपुन कशाला वाद घालायचा?"

तोरण तुटलं. पाटलांची जोडी पुढं, मागं मरकडांची गाडी, त्यामागं लाळ गाळत अण्णांचा बैल. साळूबाई वेशीत आली होती. तिनं कुणाकडं पाहिलं नाही, नुसती गाडीबरोबर चालत राहिली, एक हात सीटवर ठेवून.

मग रिवाजाप्रमाणं दारोदार. अण्णांच्या दारात त्यांची बायको छबूबाई ताट घेऊन उभी. तिनं चाकांवर पाणी घातलं, दिव्याला कुंकू लावलं, आणि पुरणपोळी हातात घेऊन थबकली. घास द्यायचा कुठं? चांगुणानं खाली वाकून तोंड उघडलं. छबूबाईनं अख्खी पोळी तिच्या तोंडात कोंबली.

"मान तर गेला," उंबऱ्यावरून अण्णा कुरकुरले.

"गेला तर गेला," छबूबाई म्हणाली. रिकामं ताट तिनं नवऱ्याच्या हातात दिलं, पदर खोचला आणि झुलीवर, चांगुणाच्या मागं, चढून बसली. "वेशीपर्यंत घेऊन चल गं. लई वर्सं झाली, मला कुणी कुठं नेलं न्हाई."

चांगुणानं किक मारली. तोंडात पोळी होती, म्हणून पहिल्यांदाच तिला काही बोलता आलं नाही.