सवय नसलेली

पर्वत पाटियाच्या बसथांब्यावर ती रोज दिसायची. साड्यांवर खडे चिकटवून तिच्या बोटांवर गोंद वाळलेला असे, बोलताना ती तो खरवडत राही. मी इंग्रजी शिकवते हे कळल्यावर एकदा तिनं विचारलं, "ताई, 'इन्सोलंट' म्हणजे काय हो? वर्गात झाडू फक्त पोरींनीच का मारायचा, असं माझ्या पोरीनं विचारलं, तर मॅडम तिला तसं म्हणाल्या."

"उद्धट," मी चाचरत म्हणाले. "पण लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ, सवय नसलेला."

तिनं नखानं गोंदाचा एक पापुद्रा सोलून काढला.

"मग बरोबरच बोलल्या मॅडम. मान खाली घालायची सवय मीच लागू दिली नाही तिला."

आता वर्गात कुणी उलट प्रश्न केला, की तो शब्द माझ्या ओठांवर येतो; पण मी आधी प्रश्नाचं उत्तर देते.