समवयस्क पाहिजे

दारू पिणाऱ्यांपेक्षा दारू सोडलेल्यांकडे जास्त किस्से असतात, हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता दर रविवारी मोशीत बापूंच्या दुकानाच्या माडीवर मीटिंग असते. नवरे आत, आम्ही बायका जिन्यापाशी, आणि किस्से साठत चाललेत. सांगायला मी योग्य आहे की नाही, देव जाणे. बाकीच्या म्हणतात, तू एम.कॉम. आहेस, तूच लिही. जणू कॉमर्सला हेच शिकवतात!

*

नितीन, म्हणजे माझा नवरा, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याने सोडली त्याच आठवड्यात त्याच्या मोबाइलवर बापूंचा मेसेज दिसला: 'रविवारी बसायचंय. नक्की ये.'

'बसायचं' म्हणजे काय, हे आपल्याकडे पोरंटोरंही जाणतात. रविवारी लेकीला कडेवर घेऊन मी तडक मोशी गाठली, भांडायच्या तयारीने. माडीवर सतरंजी टाकून पुरुष चहा पीत होते. बापू स्वतः जुने पिणारे, सोडून जमाना झाला. म्हणाले, "ये पोरी. आमी बसतो व्हय, पण पीत न्हाई."

*

राजगुरुनगरच्या एका मेंबरने एकदा बापूंना फोन केला, वाइन शॉपसमोर उभा आहे म्हणून. बापू म्हणाले, मी येईपर्यंत हलू नको. आणि स्कूटरवरून निघाले. बापूंची स्कूटर सायकलवालेही ओव्हरटेक करतात. ते पोचेपर्यंत तो माणूस उभा राहून राहून कंटाळून न पिताच घरी गेला होता.

आम्ही म्हटलं, बापू, गाडी दुरुस्त करून घ्या. तर म्हणाले, "गाडी चांगली हाय."

*

मग सरकारची योजना आली. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच नव्या पेशंटला साथ द्यायची. इंग्रजीत पीअर सपोर्ट. आम्ही खूश. मंजुरी मिळाली की बापूंना उपचार केंद्रात रीतसर जाता येणार होतं. एरवी वॉचमन त्यांना पेशंट समजून आत घ्यायचा आणि बाहेर सोडायचा नाही!

पण मराठी नियमात कुणीतरी 'पीअर'चं भाषांतर करून ठेवलं होतं: समवयस्क.

तपासणीला आलेले साहेब शब्दाचे पक्के. पहिला पेशंट होता चिखलीचा प्रसाद. लेथचं छोटं वर्कशॉप, वय चौतीस, केंद्रातून घरी येऊन पुन्हा प्यायला लागलेला. साहेबांनी बापूंना वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, हे समवयस्क नाहीत.

"सायेब," बापू म्हणाले, "दारू काय जन्मतारीख बघून चढती व्हय?"

साहेब हसले, पण नियम नियमच. चौतिशीतलं कोण आहे, त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या माना नितीनकडे वळल्या.

*

माझी झोप उडाली. हा स्वतःच कसाबसा सावरतोय, आणि ह्याला पिणाऱ्याच्या घरी पाठवायचं?

मी अर्ज केला: शब्द चुकलाय, 'समदुःखी' करा, म्हणजे बापूंना जाता येईल. उत्तर आलं, सूचना विचाराधीन आहे. मी पुन्हा अर्ज केला. पुन्हा विचाराधीन. मीही हट्टी. तिसरा टाइप करायला बसले तेव्हा नितीन शेजारी येऊन बसला.

"तू लिही," म्हणाला. "पण तोवर प्रसाद थांबणार आहे का?"

*

फर्स्ट शिफ्ट संपवून नितीन परस्पर चिखलीला गेला. संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर दारूचा भपका! शर्टाची छाती ओली, एक बाही ओली. नितीन उंबऱ्याबाहेरच थांबलेला.

तो घरी आला की मी रोज कॉलर नीट करायच्या निमित्ताने जवळ जाते आणि श्वास हुंगते. मला वाटायचं, त्याला कळत नाही.

त्याने वाकून तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि वाट बघत राहिला. लेक मागून माझी ओढणी ओढत होती.

मी हुंगलं नाही, हात पुढे केला.

"शर्ट काढ, भिजत टाकते," म्हटलं. "प्रसाद जेवला का?"