नऊ व्होल्टचा काकडा

चाचणी मी वीज गेलेली असताना घेतली. एवढीच माझी चूक. बाकी सगळं बरोबर होतं असं मी अजूनही सांगतो, घरात ते कोणी ऐकून घेत नाही ही गोष्ट वेगळी.

प्रश्न अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे वडील. पोटापाण्यासाठी त्यांनी शाळेत संस्कृत शिकवलं, पण काशीत मंगला गौरीच्या गल्ल्यांत त्यांना ओळखतात ते काकड्यासाठी. गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला आमच्या मराठी मंडळींचं एक लहानसं देऊळ आहे. कार्तिकात तिथे पहाटे भूपाळ्या, मग काकडआरती. त्यातल्या एका भूपाळीच्या शेवटी अण्णा एक सूर लांबवत. तो सूर कुठल्याशा पूर्वजाबरोबर कोकणातून काशीला आला, असं घरात सांगतात. मला तो येत नाही. मी बँकेत होतो.

यंदा अण्णांची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन हळू आवाजात जे सांगितलं ते अण्णांनी आतून ऐकलं. म्हणाले, "पुढचा कार्तिक नाही, एवढंच ना? मग ह्या कार्तिकात एकदा देवळात म्हणायचंय."

देऊळ लांब नाही, पण मधे गल्ली, उतार आणि मग पायऱ्या. मी म्हटलं, खुर्चीत बसवून चौघे उचलून नेऊ.

"चौघांच्या खांद्यावरून एकदाच जाईन. त्याची रंगीत तालीम नको."

"मग इथेच रेकॉर्ड करू, तिथे लावू."

"देवाला शिळं वाढतोस?"

राहिला मोबाईल. तो करून पाहिला. पण ह्या मोबाईलला अक्कल फार. माणूस बोलला की तो आवाज पुढे पाठवतो, आणि एकच सूर लांबवला की त्याला वाटतं, पंखा चालू आहे. सूर गिळून टाकतो. भूपाळीचे शब्द देवळात पोचले आणि नेमका शेवटचा सूर मधल्या मधे गायब. अण्णांनी फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा माझ्यातला कॉलेजातला रेडिओबहाद्दर जागा झाला. मी अण्णांना समजावलं, एएम रेडिओ मोबाईलसारखा शहाणा नसतो. तो मूर्ख असतो. जे येईल ते पुढे ढकलतो, निवडानिवड करत नाही.

"म्हणजे तुझ्यासारखा," अण्णा म्हणाले. पण कूस वळवून माझ्याकडे बघत राहिले. पुष्कळ दिवसांनी त्यांनी काही विचारलं: "लांबवलेला सूर जाईल त्यातून?"

"जाईल."

हा शब्द मी फार लवकर दिला.

ट्रान्समीटर म्हणजे फार काही नसतं. पत्र्याची एक चौकोनी टिकली असते, ऑसिलेटर म्हणतात तिला. ती एकाच ठेक्यात लहरी सोडत बसते. माइकचा आवाज त्या लहरींवर चढवायला जुन्या रेडिओतला एक ट्रान्सफॉर्मर. वर नऊ व्होल्टची बॅटरी. परवान्याचं विचारू नका. आपला आवाज गल्लीबाहेर जाईल अशी भीती सरकारला नव्हती, आणि खरं तर मलाही नव्हती. रिसीव्हर त्याहून साधा. प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळली, एक डायोड लावला, कानात घालायला इयरफोनचं एक बोंडूक आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून बॅटरीवर चालणारा लहानसा स्पीकर. तारेवरचं रोगण खरवडायचं विसरलो, म्हणून पहिले काही दिवस माझा रिसीव्हर कसलाच आवाज न करता शोभेला बसून होता.

जमिनीशी जोड हवी, म्हणून एक तार खालच्या हातपंपाला बांधली. बायकोने पंपावर जाणं सोडलं.

"करंट लागला तर?"

"अगं, नऊ व्होल्ट आहे."

"व्होल्टवर भरोसा आहे. तुमच्यावर नाही."

आणि एरियल? आमच्याकडे कार्तिकात गच्चीवर उंच बांबू उभा करून त्यावर पितरांसाठी आकाशदिवा चढवतात. त्या दोरीबरोबर मी एरियलची तार वर चढवली. पितरांना वाट दिसते तर लहरींनाही दिसेल. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हसले, मग हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मग ती चाचणी. दुपारी बत्ती गुल झाली. मला वाटलं, बरं झालं, लोक टीव्हीसमोर नाहीत, गल्ली शांत आहे. रिसीव्हर पिशवीत घालून देवळात गेलो, स्पीकर लावला, आणि गाभाऱ्यासमोर आमच्या बायकोचा आवाज स्पष्ट उमटला: "ऐकू येतंय का हो? लवकर सांगा, मला डाळ लावायची आहे."

पुजारी आमच्यातलेच, माझ्याहून लहान. त्यांनी देवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, कमाल केलीत."

मी जवळजवळ नाचलो. घरी येऊन अण्णांना सांगितलं, पोचतंय. त्या संध्याकाळी अण्णांनी अंग पुसून घेतलं, दाढी करवली, धुतलेलं उपरणं काढायला लावलं. बायको म्हणाली, इतकी भूक त्यांना महिनाभरात लागली नव्हती.

पहाटे मी देवळात. ठरलं असं होतं की मी घरी मिस्ड कॉल द्यायचा, आणि बायकोने माइक अण्णांच्या पुढे धरायचा. आधी रिसीव्हर लावावा आणि मग मिस्ड कॉल द्यावा, हे कोणालाही सुचेल. मी उत्साहाने आधी मिस्ड कॉल दिला.

स्पीकरमधून आलं: भर्रर्रर्र.

कार्तिक होता, आणि आता वीजही होती. देवळावर दिव्यांची झालर, शेजारच्या घरावर झालर, घाटावर झालरीच झालरी, रात्रंदिवस चालू. लुकलुकणाऱ्या त्या स्वस्त दिव्यांतला प्रत्येक दिवा आपापली लहर सोडत होता. आणि माझा रिसीव्हर मूर्ख. जे येईल ते पुढे ढकलत होता, निवडानिवड न करता.

"काका," पुजारी म्हणाले, "देवाला उठवायचंय की पळवायचंय?"

मी धावत जाऊन देवळाचा मेन स्विच पाडला. अंधार झाला, भर्रर्र तशीच. आता सगळा पंचगंगा घाट कोणी बंद करायचा? दोन म्हाताऱ्या आल्या होत्या, त्या काळोखात बसून मला काय काय म्हणाल्या ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं. शेवटी पुजारी म्हणाले, वेळ टळतेय, आणि त्यांनी स्वतःच भूपाळी सुरू केली. चाल त्यांची, म्हणजे हल्लीची. शेवटचा सूर त्यांनी लांबवला नाही. त्यांना तो ठाऊकच नाही.

मी स्पीकर काढला, बोंडूक कानात घालून कोपऱ्यात बसलो, पाइपावरची तार इकडे तिकडे सरकवत. आणि एका जागी, त्या भर्रर्रच्या खाली, खूप खोल, मला तो ऐकू आला. लांब, सरळ, जरासा कापणारा सूर. अण्णांचाच. लहानपणापासून ऐकलेला. मी कान दाबून धरला. डोळे भरून आले, हे लिहायला हरकत नाही.

घरी गेलो तेव्हा गच्चीवरचा आकाशदिवा विझला होता. अण्णा उशांना टेकून बसलेले, खांद्यावर ते उपरणं. बायको त्यांच्या मागे उभी. ती मला हाताने, मानेने काहीतरी खुणा करत होती. चहाचं विचारत असेल असं समजून मी मान हलवली.

"पोचलं?" अण्णांनी विचारलं. आवाज नुसता वारा होता.

"पोचलं म्हणजे? अख्खं देऊळ गप्प झालं. पुजारी हात जोडून उभे. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले."

बायकोने कपाळाला हात लावला.

"आणि शेवटचा सूर?"

"तोही. आणि हे अगदी खरं सांगतो अण्णा, माझ्या ह्या कानांनी ऐकला."

 अण्णांनी उपरणं खांद्यावरून काढलं, मांडीवर घेऊन घडी घातली आणि बायकोच्या हातात दिलं. श्वास जमवायला त्यांना वेळ लागला.

"तोंड उघडलं, तर आवाजच निघाला नाही," ते म्हणाले. "मी काही म्हटलंच नाही. गाढवा, थापसुद्धा धड मारता येत नाही तुला."